मालक गोड बोलायला लागले

सोमवारी सकाळी नूरमहंमद पिंजाऱ्याने स्वतःच्या हाताने चहा गाळला, कप बशीत ठेवला आणि छगनच्या पुढ्यात नेऊन धरला, तेव्हा छगनला पहिल्यांदा भीती वाटली.

"घ्या, छगनराव," नूरमहंमद म्हणाला.

छगनने मागे वळून पाहिलं. मागे रुईच्या गठ्ठ्याशिवाय कुणीच नव्हतं. बावीस वर्षं तो या कारखान्यात पिंजण मशीन चालवत होता. तेवढ्या काळात मालकाने त्याला 'छग्या', 'ए छग्या' आणि 'बहिरा झाला का छग्या' या तीनच नावांनी हाक मारली होती. त्याने कप घेतला आणि चहा आधी हुंगून पाहिला.

कारखाना म्हणजे तिसगावच्या बाजारपेठेमागची एक लांब पत्र्याची शेड. तिथे गाद्या आणि उशा तयार व्हायच्या. छगन रुई पिंजायचा, रतनबाई खोळी शिवायची, आणि कानिफनाथ रुई भरून दाभणाने टाके घालायचा. नूरमहंमदचं काम ओरडण्याचं होतं. ते तो मन लावून करायचा. एवढं ओरडूनही त्याची एकही ऑर्डर आजवर वेळेवर गेली नव्हती. आताही मुलींच्या एका वसतिगृहाच्या चाळीस गाद्या शनिवारी द्यायच्या होत्या आणि तयार होत्या अकरा. फोमच्या गाद्या आल्यापासून दोन वर्षांत एवढं मोठं काम आलं नव्हतं. हे हातचं गेलं तर शेडला कुलूप लावून गप घरी बसायचं, एवढंच उरलं होतं.

याच काळजीत असताना शुक्रवारी नमाजनंतर कुणीतरी त्याच्या हातात एक पत्रक दिलं. नगरला रविवारी दिवसभराचं शिबिर होतं, 'इस्लामच्या नजरेतून व्यवस्थापन'. नूरमहंमद गेला. पांढऱ्या दाढीचे एक निवृत्त प्राध्यापक बोलत होते. मालकाने माणसांशी मशवरा करावा, म्हणजे विचारून, सल्ला घेऊन ठरवावं. आपल्या हातातलं काम आणि माणसं ही अल्लाहची अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, आहे असं समजावं. सरदार हा आपल्या माणसांचा खादिम असतो, त्याने त्यांची सेवा करावी. हाताखालची माणसं तुमचे भाऊ आहेत. ताकदीबाहेरचं काम त्यांना सांगू नका, सांगितलंत तर स्वतः हात लावा. आणि कुस्ती जिंकणारा खरा पहिलवान नाही, राग गिळणारा पहिलवान.

नूरमहंमद सगळं वहीत उतरवून घेत होता. शेवटी प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले, "उद्या अल्लाहपुढे तुमच्या मजुराने तुमची तक्रार केली, तर काय उत्तर द्याल?" तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे छगन उभा राहिला. छगन तक्रार सांगत होता, आणि तक्रार काही संपत नव्हती. नूरमहंमदने रुमालाने डोळे पुसले आणि मनाशी पक्कं केलं, उद्यापासून बदलायचं.

पण या वयात शाळा शिकायला गेलो होतो हे कामगारांना सांगायची त्याला लाज वाटली.

"मालक, काल कुटं गेल्ते?" कानिफनाथने विचारलं.

"नगरला. जरा काम होतं, कानिफनाथराव."

'कानिफनाथराव' ऐकून कानिफनाथच्या हातातलं दाभण खाली पडलं.

चहा झाल्यावर नूरमहंमदने तिघांना सतरंजीवर बसवलं आणि स्वतःही त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. "हे बघा, आजपासून सगळं तुमाला विचारून करायचं. मशवरा करायचा. एकदा ठरलं की मोडायचं न्हाई, मालकानंबी मोडायचं न्हाई. माज्यामागं हा कारखाना तुमीच बघनार हाय. रतनबाई, ह्या किल्ल्या तुमच्याकडं ठेवा. अमानत समजा."

"माझ्याकडं?" रतनबाई मागे सरकली.

"व्हय. आन एवढ्या वर्षांत मी कुनाला काय वेडंवाकडं बोललो आसंन तर मनापासून माफ करा."

रतनबाईने पदर डोळ्यांना लावला. छगन मालकाच्या जवळ सरकला. मग त्याने हळूच विचारलं, "मालक, डाक्टर काय म्हनला?"

"कुठला डॉक्टर?"

"न्हाई, काय न्हाई. असंच."

'माज्यामागं' म्हणजे 'मी कारखान्यात नसताना' असं नूरमहंमदला म्हणायचं होतं. पण शब्द तोंडातून गेला होता. तेवढ्यात छगन उठून साठ किलोचा रुईचा गठ्ठा मशीनकडे ओढू लागला. ताकदीबाहेरचं काम! नूरमहंमद धावला, त्याने गठ्ठ्याच्या दुसऱ्या टोकाला हात घातला आणि जोर लावला. बरगडीत चमक भरली. "या अल्ला!" म्हणत त्याने छाती धरली आणि तो मटकन खाली बसला.

आता कुणाच्याही मनात शंका उरली नाही.

"माज्या मावशीच्या नवऱ्याचं असंच झालं हुतं," दुपारी भाकरी खाताना छगनने बाकीच्या दोघांना सांगितलं. "जल्मभर वसवस करनारा मानूस. एक दिवस एकदम गायीवानी गरीब झाला. सगळ्यांची माफी मागितली. तीन म्हयन्यात गेला."

"नगरला मोठ्या दवाखान्यातच गेल्ते," कानिफनाथ म्हणाला. "दुसरं काय काम आसतंय रईवारी?"

रतनबाईचा घास हातातच राहिला. ती उठली आणि सरळ नूरमहंमदच्या घरी गेली.

त्याची बायको सकीना दारातच तांदूळ निवडत होती. रतनबाईने तिचे दोन्ही हात धरले. "भाभी, धीर धरा. आमी हाव."

एरवी सकीनाने तिला वेड्यात काढलं असतं. पण रविवारी रात्री नूरमहंमद घरी आला होता तो शिबिराला गेलो होतो म्हणत. ज्या माणसाला पाहुण्याच्या लग्नात दोन तास बसवत नव्हतं, तो दिवसभर शिबिराला? वर जेवल्यावर त्याने आपलं ताट आपण धुतलं होतं आणि तिला म्हणाला होता, "सकीना, मी तुला लई तरास दिला." तिला रात्रभर झोप लागली नव्हती. रतनबाईचं ऐकलं आणि तिच्या मांडीवरचं ताट कलंडलं.

संध्याकाळी नूरमहंमद बरगडी चोळत घरी आला तर बाहेर चपलाच चपला. आत पाथर्डीहून आलेला मेव्हणा, शेजारपाजारचे, आणि कोपऱ्यात हलक्या आवाजात दुआ मागणारे दोन म्हातारे. तो आत येताच सगळे उभे राहिले.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

मेव्हण्याने त्याला दंडाला धरून खाटेवर बसवलं. "भाईजान, आमच्यापासून कशाला लपवलं?"

प्रकार ध्यानात यायला नूरमहंमदला पाच मिनिटं लागली. आला तेव्हा तो हसला. "आरे, मला काय झालं न्हाई! मी ठणठणीत हाय!"

सगळ्यांनी खिन्नपणे माना हलवल्या.

"असंच म्हनत्यात," एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला. "दुसऱ्याला दुःख नको म्हनून. लई मोठ्या मनाचा मानूस."

"मी शिबिराला गेल्तो! वही दाखवतो!" त्याने वही आणली. मेव्हण्याने उघडली. पहिल्याच पानावर नूरमहंमदच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'अल्लाहपुढे जाण्याआधी सगळ्यांचे हक्क चुकते करणे.' मेव्हण्याने वही मिटली आणि तो तोंड फिरवून रडू लागला.

नूरमहंमदच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा जुन्या आवाजात ओरडला असता, तर बाहेरच्या चपला एका मिनिटात कमी झाल्या असत्या. पण राग गिळणारा पहिलवान! त्याने मुठी आवळल्या, ओठ दाबले आणि राग गिळला. त्याचा चेहरा लाल झाला, कपाळावर घामाचे थेंब आले, श्वास जोरात चालू लागला.

"पानी आना, पानी!" मेव्हणा ओरडला. "झटका आला!"

मंगळवारी सकाळी पुण्याहून मुलगा आकिब आला. तो शांत डोक्याचा होता. त्याने बापाचं सगळं ऐकून घेतलं, नुसतं ऐकलंच नाही तर त्याला ते पटलंही. नूरमहंमदला इतकं बरं वाटलं की तो त्याच्या गळ्यातच पडला.

"अब्बा, सोपं आहे," आकिब म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊ. सगळं नॉर्मल आहे असं लिहून घेऊ. विषय संपला."

गावातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि भुवया वर केल्या. पुन्हा भरली.

"एकशे सत्तर. किती दिवसांपासून त्रास होतोय?"

"काल संध्याकाळपासून," नूरमहंमद म्हणाला. "मला काही झालेलं न्हाई, हे लोकांना सांगायला लागल्यापासून."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आठ दिवस सक्तीचा आराम सांगितला आणि कारखान्याचं नावही काढायचं नाही असं बजावलं. आकिब कागदाकडे बघत राहिला.

"आता काय सांगू मी लोकांना?" तो म्हणाला.

तरी तो कारखान्यात जाऊन खरं काय ते सांगून आला. छगनने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग ह्यो बीपी?" आकिबने गोळ्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

बुधवारी नूरमहंमद खाटेवर पडून होता. फोन सकीनाने काढून घेतला होता. दुपारी तो वाजला तेव्हा तिने स्वयंपाकघरात जाऊन घेतला. दाराआडून त्याला तिचं बोलणं ऐकू आलं. "व्हय मॅडम... आजारीच हायेत... फोमच्या मागवता? तुमची मर्जी."

वसतिगृहाच्या मोनिका मॅडम. चाळीस गाद्या गेल्या. नूरमहंमद भिंतीकडे तोंड करून पडला. आयुष्यात पहिल्यांदा तो चांगला वागायला गेला होता, पुरता एक दिवसही झाला नव्हता, आणि तेवढ्यात तब्येत गेली, अब्रू गेली, धंदा गेला. ओरडत होता तेव्हा निदान माणसं त्याला जिवंत तरी धरत होती. रात्री त्याने चांगुलपणाबद्दल अल्लाहकडे तक्रारही करून पाहिली. मग त्याबद्दलही माफी मागितली.

गुरुवारी सकीना पाणी भरायला गेली तसा तो मागच्या दाराने निसटला. कारखान्यात कुणीच नसेल, कुलूप असेल, किंवा तिघं गुडघ्यात डोकं घालून बसले असतील, असं त्याला वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशीच मशीनचा आवाज आला. तो दारात जाऊन थबकला.

भिंतीला टेकून गाद्यांची उंच थप्पी लागली होती. रतनबाईने शेजारच्या दोघी बायांना खोळी शिवायला बसवलं होतं. कानिफनाथ बडबड न करता टाके घालत होता, हे तर नूरमहंमदने कधी पाहिलंच नव्हतं. छगन रुई पिंजत होता आणि चक्क शीळ घालत होता.

"किती झाल्या?" नूरमहंमदने दारातूनच विचारलं.

शीळ थांबली. "एकतीस," रतनबाई म्हणाली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला होता. "तुमी कशाला आलात मालक? डाक्टरनं आराम सांगितलाय ना?"

"पन ऑर्डर तर गेली. मॅडमचा फोन..."

"भाभीनं सांगितलं, तवा आमी लावला हुता परत," छगन म्हणाला. "म्हनलं, मालक आजारी हायेत, आमी न्हाई. शनवारी न्हाई दिल्या तर नका घेऊ. आमी रोज सकाळी बसून ठरवतो ना, कुनी काय करायचं. तुमी सांगितलं तसं."

नूरमहंमदने आत पाऊल टाकलं. "मग मीबी लागतो हाताखाली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कानिफनाथ खाकरला. "मालक, मशवऱ्यात ठरलंय. तुमाला आठ दिवस आत घ्यायचं न्हाई. ठरलं की मोडायचं न्हाई. मालकानंबी न्हाई."

नूरमहंमदच्या तोंडाशी एक शब्द आला. तो त्याने गिळला आणि तो घरी गेला.

शनिवारी सकाळी दहाला चाळीस गाद्यांचा टेम्पो वसतिगृहाच्या दारात होता. रविवारी सगळे मालकाला भेटायला आले. छगनने इस्त्रीचा सदरा घातला होता. खाटेजवळ बसून तो बराच वेळ हवापाण्याचं बोलला.

"मॅडम लई खूश झाल्या," शेवटी तो म्हणाला. "आनखी साठ गाद्या सांगितल्यात. पंधरा दिवसात."

"अल्हमदुलिल्लाह!" नूरमहंमद उठून बसला. "उद्यापासून येतो मी."

छगन रतनबाईकडे बघू लागला. रतनबाई सकीनाकडे बघू लागली.

"मालक," रतनबाई म्हणाली, "तुमाला काय झालेलं न्हाई, हे कळलंय आमाला. आकिबनं समद्यांना पटवून दिलंय. पन आमी मिळून इचार केला. एवढ्या साठ गाद्या हुईपर्यंत तुमी आजारीच ऱ्हावा."

"हे ज्यांना मान्य हाय त्यांनी हात वर करा," कानिफनाथ म्हणाला आणि त्याने सगळ्यात आधी स्वतःचा केला. छगनचा झाला, रतनबाईचा झाला. आकिबने वर न बघता केला. स्वयंपाकघराच्या दारातून पिठाने माखलेला एक हात वर आला. तो सकीनाचा होता.

नूरमहंमदने एकेक हात पाहिला. मग त्यानेही आपला उचलला.

सगळे मोकळ्या मनाने हसले. उठताना छगनने विचारलं, "तुमाला काय पायजे का, मालक?"

नूरमहंमदने अंगाखालची गादी चाचपली. पंधरा-वीस वर्षांची जुनी, सगळीकडे गुठळ्या झालेली. पिंजाऱ्याच्या घरची गादी पिंजायला कुणाला कधी वेळच मिळाला नव्हता. आता तर पंधरा दिवस तिच्यावरच पडून काढायचे होते.

"येवढी एक पिंजून द्या," तो म्हणाला. "पाठ लई दुखती."

छगनने गादी दाबून पाहिली, अनुभवी माणसासारखी मान हलवली आणि तो रतनबाईशी हळू आवाजात काहीतरी बोलला. मग दोघंही त्याच्याकडे वळले.

"देऊ की," छगन अगदी प्रेमाने म्हणाला. "पन साठ गाद्या हुंद्या, मालक. नंबरानं घेऊ."