चिकातले पहारेकरी

कडोलकर सर कुणालाही ‘जेवलात का?’ असं विचारत नाहीत. तोंडभर हसतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, “कुठवर पोचलं?”

एकदा खानापूरहून माझे एक दूरचे दीर आमच्याकडे आले होते. सरांनी त्यांना हेच विचारलं. ते बिचारे म्हणाले, “आत्ताच उतरलो की बसमधनं.”

“तुम्ही न्हवं ओ. दुपारचं जेवण. काय खाल्लासा?”

“मटण-भाकरी.”

“मग जठरातच असंल अजून. मटण पाव्हण्यासारखं असतंय. एकदा बसलं की लवकर हलत न्हाय.”

दीर राहायला म्हणून आले होते. संध्याकाळच्या बसनं परत गेले.

सर म्हणजे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. मूळचे निपाणीचे, पण नोकरीसाठी बेळगावला आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. आमच्या शहापुरातल्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मी आठवीत त्यांची विद्यार्थिनी होते आणि आता शेजारीण आहे, म्हणजे माझी काही सुटका नाही.

आठवीतलं एक दुःख मी अजून विसरलेले नाही. सरांनी अख्ख्या वर्गाची मिळून एक पचनसंस्था केली होती. वर्गाच्या दारात तोंड, पायरीवर अन्ननलिका, व्हरांड्यात जठर आणि पुढं मैदानभर वळणं घेत उभं राहिलेलं लहान आतडं. पोळीचा एक गोळा हातोहात सरकवायचा होता. आमच्या वर्गातली सुलू यकृत झाली, ती काय मिरवायची! मला सर म्हणाले, “शुभे, तू आंत्रपुच्छ. त्या कोपऱ्यात हुबी ऱ्हा आणि काय बी करू नको.” आतडं सरांना वाटलं त्यापेक्षा लांब निघालं. मैदान संपलं, वळसा घालून ओळ पुढं गेली आणि पचनसंस्थेचं शेवटचं टोक नेमकं हेडमास्तरांच्या दारात आलं. हेडमास्तर बाहेर आले तेव्हा पोळीचा गोळा त्यांच्या पायाशी पडलेला होता. त्यांनी विचारलं, “हे काय आहे?” आणि सर खरं बोलले. पुढचे कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद होतं.

निवृत्त झाल्यावर माणूस जरा निवांत होतो म्हणतात. सर उलट चेकाळले. शाळेत निदान तासाची घंटा व्हायची. आता गल्लीत घंटा कोण देणार? माझा नवरा रिक्षावाल्याशी भांडायला लागला की सर गॅलरीतून ओरडतात, “सावकाश रे! हृदयाला आधी न सांगता जादा ड्यूटी लावू नको!” कुणी कुंद्याच्या मिठाईचा डबा आणला की म्हणतात, “आणा, आणा, स्वादुपिंडाला जरा कामाला लावू.” मिसळ खाणाऱ्यांवर त्यांचा फार राग. “म्हशीच्या पोटात चार खोल्या असतात, तरी ती बिचारी गवत खाती. तुमची एकच खोली, आणि त्यात कट ओततासा!”

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण सर चिकाच्या वाटेला गेले आणि आमचं खरं वाजलं.

माझं माहेर बेळगुंदी. तिथं अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मारुतीची, दोन म्हशी. म्हैस व्याली की पहिला चीक किटलीत घालून अण्णा मोटरसायकलवरून शहापूरला येणार आणि मी गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस करणार, हे ठरलेलं. आमच्याकडे चीक वाटायचीच पद्धत आहे. भावानं आणलेल्या चिकाचा खरवस खाताना बहिणीला जे वाटतं ते पुरुषांना कळायचं नाही.

तर त्या दिवशी अण्णा किटली घेऊन आला, आणि सर आमच्याकडे चहा प्यायला बसलेले.

“रेडकू प्यालं काय?” सरांनी विचारलं.

“पील की मागनं. आदी भैनीला.”

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “हे बघ. माणसाच्या पोराला आई पोटात असतानाच रगतातनं पहारेकरी देती, रोगाशी लढायला. म्हशीला ते जमत न्हाय. रेडकू रिकाम्या हातानं जगात येतंय. त्याचं सगळं पहारेकरी ह्या चिकात हाईत. आणि त्याच्या आतड्याचा नाका पहिलं काही तासच उघडा असतोय. तेवढ्यात पहारेकरी आत गेलं तर गेलं. दिवस उलटला की नाका बंद. मग घागरभर पाज, पोट भरतंय, पण पहारेकरी रगतात जात न्हाईत.”

“असूं दे की सर, आमचे आजोबापण असंच...”

“आणि तुम्ही काय करतासा? पहारेकरी उकळतासा, वड्या पाडतासा, वर वेलदोडा टाकून खातासा!”

एवढं बोलून त्यांनी किटली उचलली आणि अण्णाच्या मागं गाडीवर जाऊन बसले. “चल बेळगुंदीला.” मी दारात उभी, एका हातात गूळ आणि दुसऱ्या हातात किसणी. रेडकू पोटभर पिऊन उरलेला चीक संध्याकाळी परत आला हे खरं. खरवसही झाला. पण सरांनी वडीला हात लावला नाही. मला वाटलं, रागानं.

मग सरांचा तो धंदाच झाला. बेळगुंदीत म्हैस व्याली की सर हजर. बायका खिडक्या लावून खरवस करायला लागल्या, पण वेलदोड्याचा वास काय खिडकीला ऐकतोय! अण्णाच्या शेजारच्या गंगाकाकूंकडे तर त्यांनी कहर केला. लेकीच्या सासरची माणसं जेवायला आलेली, चुलीवर चिकाचं पातेलं, आणि सरांनी आत शिरून फडक्यानं धरून ते पातेलं उतरवलं आणि थेट गोठ्यात नेलं. व्याही पानावर बसून बघत राहिले. गंगाकाकू म्हणाल्या, “परत ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलासा तर बघा, मास्तर!”

पुढं पुढं रेडकू पिऊन उरलेला पहिल्या दिवसाचा चीक सर मागून आणायला लागले आणि आपल्या फ्रीजमध्ये बाटल्यांत आणि बर्फाच्या ट्रेत गोठवून ठेवायला लागले. आई मेलेल्या किंवा आटलेल्या म्हशीच्या रेडकाला उपयोगी पडावा म्हणून. माझा नवरा एकदा उन्हातून आला आणि सरांच्या फ्रीजमधला बर्फ समजून त्यानं दोन खडे लिंबू सरबतात टाकले. सरबत फाटलं. ग्लासात पनीर! सर हळहळले. “फुकट गेलं रे पहारेकरी. तुझा नाका कवाच बंद झालाय.”

आता परवाची गोष्ट. सर निपाणीला आक्काकडे गेले होते. महिन्यातून एकदा जातातच. ही त्यांची सख्खी बहीण, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो. जाताना झाडांना पाणी घालायला किल्ली आमच्याकडे देतात. नेमका लाइनच्या कामासाठी करंट गेला. सकाळी गेला तो रात्रीसुद्धा आला नाही. आमच्या माईंना, म्हणजे सासूबाईंना, झोप लागेना. सकाळी उठून त्यांनी सरांचा फ्रीज उघडला, तर सगळ्या बाटल्यांतला चीक पातळ झालेला.

“नासंल गं शुभा! मास्तरांनी एवढा जिवापाड जपलाय!”

आणि माझ्या सासूबाईंनी, काहीही नासू द्यायचं नाही हे ज्यांचं एकमेव व्रत आहे त्या माईंनी, तो सगळा चीक गूळ-जायफळ घालून शिजवला. आमचा सगळ्यात मोठा कुकर, त्यात डब्यावर डबे. वास सुटला तशी गल्ली गोळा झाली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर शिलाई अर्धी टाकून धाव घेतली. मऊ, लुसलुशीत, काय झाला होता म्हणून सांगू! माईंनी एक मोठी वडी सरांसाठी राखून ठेवली.

दुपारी सर आले. माईंनी वडीची ताटली पुढं केली आणि कौतुकानं सगळी हकिकत सांगितली. सर वडीकडे बघत राहिले. तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा होता, फोन स्पीकरवर.

“शुभे, सर हाईत काय? म्हैस सकाळी व्याली, पण बसलीया ती उठंनाच. डॉक्टर सलाईन लावायलाय. सडाला दुधाचा थेंब न्हाय. रेडकू कवाधरनं वरडायलंय. सरांच्यातली बाटली घेऊन ये जा लगेच.”

माईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायलाच लागल्या. मला वाटलं, आता सर काय काय बोलतील कुणास ठाऊक. पण सरांनी ताटली अलगद खाली ठेवली.

“माई, रडू नका. तुम्ही जपायलाच गेलतासा.” मग फोनकडे वळून म्हणाले, “मारुती, गावात आणि कुणाची व्यालीया?”

अण्णा जरा अडखळला. “हाय एक. काल सांजच्याला. पण... गंगाकाकूची हाय, सर.”

“शुभे, स्कूटी काढ.”

रस्ताभर सर एक शब्द बोलले नाहीत. मला ते सहन होईना. मी मुद्दाम विचारलं, “सर, निपाणीत काय जेवलासा? कुठवर पोचलं?” मागं सर नुसते घड्याळ बघत होते, ते मला आरशात दिसत होतं.

गंगाकाकूंच्या दारात आम्ही पोचलो. आत ओट्यावर चिकाचं पातेलं दिसत होतं आणि शेजारी गूळ चिरून ठेवलेला. सर उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. पायातल्या चपला काढल्या, पण आत पाय टाकला नाही.

“गंगाकाकू, मागायला आलोय.”

“आता मागायला! तवा तर न इचारता उचलून नेलासा की. आमच्या व्याह्यांच्या म्होरं!”

“व्हय, नेलतो. परत तशी येळ आली तर परत नेईन.”

मी कपाळावर हात मारला. अहो, मागायची ही काय रीत झाली?

“बघ शुभे, बघ ह्यांचं तोंड!” गंगाकाकू पेटल्या. “माझा नातू आलाय. माझं रेडकू पिऊन उरलेला त्येच्यासाठी ठेवलाय मी. शेजारच्या रेडकासाठी माझ्या नातवाच्या तोंडचं काढू व्हय?”

वर्गात ज्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, ते सर एवढ्या हळू बोलले की काकूंना दारापर्यंत यावं लागलं.

“माझ्यासाठी काढलं होतं तसं. मी जलमलो आणि आई गेली. ती जाताना मला तिचं पहारेकरी देऊन गेली, तेवढं निसर्गानं केलं. पण पोट कोण भरणार? शेजारच्या बाईला नुकती पोरगी झालीती. त्या माउलीनं एका मांडीवर ती पोरगी घेतली आणि एका मांडीवर मी. दूध दोघांना पुरंल एवढं नव्हतंच. मी दांडगा. मी ओढून प्यायचो आणि ती पोरगी रडून झोपायची. ती माउली सांगायची हे, हसून सांगायची. मला हसू येत न्हाय, काकू. आक्का म्हणतो मी तिला. अजून कशी काडीसारखी हाय बघा. काल गेलतो, तर मलाच वाढत बसली.”

मी स्कूटीची किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. एवढी वर्षं भिंतीला भिंत, आणि मला ठाऊकच नव्हतं. सरांना खरवस का जात नाही ते मला त्या दारात कळलं. मला रडू आवरेना.

गंगाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या तसल्या नव्हेतच. तरातरा आत गेल्या, पातेलं उचलून आणलं आणि म्हणाल्या, “बाहीर काय हुबं ऱ्हायलासा, मास्तर? मलाच चालवतासा व्हय एवढं जड घेऊन? धरा की!”

मग कसली धांदल! चीक कोमट करायचा तर सरांना कुणावर भरवसा नाही. “उकळी नको! उकळी नको!” म्हणून काकूंच्याच स्वयंपाकघरात ते काकूंनाच ओरडत होते, आणि काकू “मला शिकीवतासा व्हय!” म्हणून उलट ओरडत होत्या. गोठ्यात सरांनी बोट रेडकाच्या तोंडात घालून त्याला चोखायला लावलं आणि हळूच बाटली सरकवली. रेडकानं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग अशी ढुशी मारली की सर धोतरासकट शेणात बसले. तरी बाटली वरच धरलेली! अण्णा, मी, काकू, सलाईनची बाटली धरलेले डॉक्टर, सगळे पोट धरधरून हसलो. रेडकू पीत राहिलं. भराभर शेपूट हलवत सगळा चीक प्यालं आणि सरांच्याच पायाला टेकून झोपलं. उन्हं कलता कलता म्हैसही धडपडत उठली आणि त्याला चाटायला लागली.

काकू घरातून एक वाटी घेऊन आल्या. नातवासाठी राखलेल्या थोड्याशा चिकाचा खरवस केला होता. “आता तरी खावा. रेडकू प्यालंय. कुणाच्या वाटचा न्हाय हा.”

सरांनी वाटी घेतली. शेणानं भरलेले हात बघून ती परत ठेवली, हौदावर जाऊन हात स्वच्छ धुतले. मग वाटीला हात लावायच्या आधी खिशातून फोन काढला आणि गोठ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिकडून फोन उचलल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता पहारेकऱ्यांची सगळी हकिकत सांगतील, नाहीतर नेहमीसारखं ‘कुठवर पोचलं’ विचारतील.

“आक्का,” सर म्हणाले, “जेवलीस न्हवं?”