यशवंतरावांचा अडलेला शेवट

महाकादंबरी लिहायला प्रतिभा लागत नाही, व्रत लागतं, असं आमचे शेजारी यशवंतराव शिर्के सांगतात. हे सांगताना त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं.

हेल्मेट पोफळीच्या वीजघरातलं. यशवंतरावांची सगळी नोकरी तिथे डोंगराच्या पोटात, टर्बाइनच्या सोबतीने गेली. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीत माझ्या वरच्या मजल्यावर, थोरल्या बहिणीकडे राहायला आले. लग्न दोघांनीही केलं नाही. भावाचं मार्गी लागलं की मग बघू, असं इंदूताई म्हणत राहिल्या, आणि ताईचं आधी होऊ दे, असं यशवंतराव.

आमच्या इमारतीतला एक भाडेकरू जाताना पुस्तकांचं खोकं जिन्याखाली सोडून गेला. राजे, चेटकिणी, ड्रॅगन, आणि प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा. यशवंतरावांनी ते खोकं वर नेलं आणि पावसाळाभर खाली उतरले नाहीत. उतरले ते संतापूनच.

"एवढा आग ओकणारा प्राणी गुहेत कोंडलाय आणि व्हेंटिलेशन शून्य! पहिल्याच प्रकरणात गुदमरला असता हो!"

म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. त्यांच्या ड्रॅगनच्या गुहेला हवेचे दोन बोगदे आणि संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा आहे. त्यामुळे ड्रॅगन कधी संकटातच सापडत नाही, एवढा एक दोष सोडला तर कादंबरी वाचनीय आहे.

लिहिणं शिफ्टप्रमाणे. सकाळी आंघोळ करून, हेल्मेट घालून टेबलाशी. "डोंगरात शिरायचं तर डोकं झाकावं," हा नियम. मी विचारावं, "झालं का काही?" तर उत्तर ठरलेलं, "मशीन फिरतंय. ग्रिडला अजून जोडलं नाही." तेवढ्यात खालून मासेवालीची हाक आली की ते पेन्सिल ठेवत. "ट्रिप झालं, मशीन बंद." मग दिवसभर लेखन बंद. पालीमुळे ट्रिप झालेलं मी पाहिलं आहे. समोरच्यांच्या कुकरच्या शिटीमुळे तर आठवडा गेला.

जे काही लिहून होई ते दिवेलागणीला इंदूताईंना वाचून दाखवायचं. ताई कोलंबी सोलता सोलता ऐकत.

"मेल्या, त्या पोरीला गुहेत पाठवून महिना झाला. जेवलीबिवली का ती?"

"ताई, ती राजकन्या आहे."

"म्हणून काय उपाशी ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी राजकन्येला भात मिळे.

यंदा फक्त शेवटचं प्रकरण उरलं आणि यशवंतरावांचं मशीन साफ बंद पडलं. त्याच सुमारास ताईंना जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची झडप बदलायला हवी, कोल्हापूरला न्या, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोमवारी सकाळची गाडी ठरली. ताईंनी एकच अट घातली.

"शेवट ऐकल्याशिवाय मी गाडीत बसायची नाही. भूल देणार, आणि उठलेच नाही तर? राजकन्येचं काय झालं ते वर कुणाला विचारू?"

"लिहितो, ताई."

"कधी? माझ्या बाराव्याला?"

यशवंतराव हेल्मेट घालून बसले. शुक्रवार गेला. शनिवार गेला. मासेवालीला मी हात जोडून गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं, सगळ्या इमारतीने कुकर लावणं सोडलं, तरी कागद कोरा. ताईंच्या ओठांवर निळसर झाक दिसत होती आणि हा गृहस्थ पेन्सिलीला टोक काढत होता. मला त्यांचा राग आला, आणि मी तो बोलून दाखवला.

"यशवंतराव, राजकन्येचं लग्न लावा, नाहीतर मारून टाका तिला. दोन ओळींचं काम आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी काढता का? गावच्या देवळात जाऊन येऊ. कौल लावतो."

आमच्याकडे जमिनीचा वाद, मुलीचं स्थळ, हरवलेली गाय, सगळं देवाला विचारतात. कादंबरीचा शेवट विचारायला निघालेला माणूस मी पहिलाच पाहिला. रविवारी सकाळी आम्ही देवळात पोचलो. गुरवाने विचारलं, "काय विचारायचंय?"

"शेवट लिहू की नको?"

"कसला? मृत्युपत्राचा?"

"कादंबरीचा."

गुरवाने थोडा विचार केला. "चालंल. परवा एक जण यूट्यूबचं विचारून गेला."

त्याने देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, हा तुझा लेक तुझ्या पायाशी आलाय, त्याची काय अडचण असंल ती दूर कर रे महाराजा!"

"होय महाराजा," आम्ही म्हणालो.

फुलं हलली नाहीत. आम्ही उभे. पाणी ओघळून गेलं, फुलं तशीच. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. माझं लक्ष घड्याळाकडे, कारण ताई घरी एकट्या होत्या.

"देव बोलत नाय," गुरव म्हणाला. "तुम्ही भलतंच विचारताव. पोटात हाय ते विचारा."

यशवंतरावांनी मान खाली घातली. इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ती या शेवटासाठी थांबलीय, महाराजा. तो एकदा सांगितला की तिचं इथलं काम संपलं, असं तर होणार नाही ना? शेवट ऐकून ती गेली, तर परत येईल ना?"

मी तोंड फिरवलं. पेन्सिलीला टोक काढणाऱ्या माणसाचा मला आता राग येत नव्हता. मागे गुरव म्हणाला, "उजवा."

घरी येऊन यशवंतराव न जेवता लिहीत बसले. खाली मासेवाली ओरडली, तरी मशीन ट्रिप झालं नाही. दिवेलागणीला ते ताईंच्या पलंगाशी वाचू लागले. मी दाराशी उभा होतो. त्या शेवटात कोणीच मरत नाही. पहिल्या भागात बुडालेलं गलबत बंदरात येतं, दुसऱ्या भागात कापून काढलेली फौज जेवायच्या पंगतीला बसते, आणि राजकन्या सगळ्यांना वाढते. साहित्य म्हणून सांगायचं तर शेवट फार वाईट होता. शेवटचं वाक्य संपवून यशवंतरावांनी मान वर केली.

"ताई?"

ताईंचे डोळे मिटलेले होते.

"ताई!" ते मनगट चाचपू लागले, त्यांना नाडी सापडेना, मी धावलो, आणि आम्ही दोघांनी एकदमच ऐकलं. ताई घोरत होत्या.

त्यांना उठवायचं धाडस कोणी केलं नाही. सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा ताई केस विंचरून तयार. त्या काही विचारण्याआधीच आम्ही दोघं अपराध्यासारखे उभे.

"ऐकला हो शेवट," त्या म्हणाल्या. "झकास झालाय. आता दुसरं लिहायला घे. मी तिकडे असेन तोवर रिकामा बसलास तर माझ्या आधी तुलाच ॲडमिट करतील."

यशवंतरावांचा चेहरा उजळला. मला राहवलं नाही. "ताई, मग सिंहासनावर शेवटी बसलं कोण?"

"ज्याला बसायचं तो बसला," असं म्हणून ताई गाडीत बसल्या.

ऑपरेशन नीट झालं. सिंहासन शेवटच्या प्रकरणात वितळवून त्याची पातेली केलेली आहेत.