रिव्हर्स न पडणारा गिअर

हेडक्लार्कांना राग यायला कारण लागत नाही. राग आधी येतो, कारण ते मागाहून शोधतात. त्या आठवड्यात मात्र कारण आधी आलं, आणि तेही त्यांनी स्वतःच्या हातानं तयार केलेलं.

झालं एवढंच, की होडीच्या जुन्या मोटरचा पाण्याचा पंप घरच्या घरी बदलायचा, असं त्यांनी चहाच्या दोन घोटांमध्ये ठरवलं. मिस्त्री म्हणाला होता, साहेब, ही मोटर तुमच्या लग्नापेक्षा जुनी आहे, तुम्ही हिला हात लावू नका. आता असं बोलल्यावर कुठला स्वाभिमानी माणूस हात लावल्याशिवाय राहील? त्यांनी एका संध्याकाळी खालचा गिअरबॉक्स उतरवला, पंप बदलला, सगळं परत चढवलं. अंगात इतका जोर आला होता, की त्याच भरात स्वयंपाकघरातल्या कपाटाचं तीन वर्षं लोंबकळणारं हँडलही घट्ट बसवून टाकलं. बायकोनं ते दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाली, बरं बसलंय. (हेडक्लार्कांच्या संसारात हा पदवीदान समारंभच.)

रविवारी बायकोला घेऊन ते पलीकडच्या काठावर मेहुण्याकडे निघाले. मोटर दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. होडी झोकात निघाली. मेहुण्याच्या धक्क्यापाशी त्यांनी रिव्हर्ससाठी लिव्हर मागे ओढली. लिव्हर मागे आली, होडी मात्र पुढेच. ती धक्क्यावर अशी आदळली, की बायकोचा गुडघा सोलवटला आणि मेहुण्याची खुर्ची पाण्यात गेली.

मेहुणा शांतपणे म्हणाला, "भाऊजी, खुर्चीवर मी नव्हतो, हे तुमचं नशीब." मग त्यानंच पायानं ढकलून होडी वळवून दिली. हे ढकलणं हेडक्लार्कांना जास्त झोंबलं.

घरी आल्यावर बायको गुडघ्याला औषध लावत म्हणाली, "पुढच्या रविवारी ही होडी दादाच्या धक्क्याला न आपटता लागली तर राहू दे. नाहीतर भंगारवाल्याला मी बोलावते."

ती बोलते ते करते. आणि हेडक्लार्कांचा जीव त्या होडीत अडकलेला. सहा दिवस साहेबाची बोलणी खाल्ल्यावर जगात एवढी एकच जागा उरत होती, जिथं त्यांचा शब्द चालायचा. आता तीही उलट उत्तर द्यायला लागली होती.

सोमवारपासून ते मोटरवर तुटून पडले. केबल काढून ग्रीस भरलं. लिव्हर आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. गिअरचं तेल बदललं, त्यातलं निम्मं स्वतःच्या लेंग्यावर. पंखा हातानं फिरवून पाहिला. दर प्रयत्नागणिक आवाज चढत गेला. केबल बनवणाऱ्याचं खानदान उद्धरून झालं, तेलवाल्याचं झालं, शेजाऱ्याचं कुत्रं उगाच बघत होतं म्हणून त्याचंही झालं. गिअर जागचा हलला नाही. गुरुवारी नाक मुठीत धरून मिस्त्रीला बोलवावं लागलं.

मिस्त्रीनं वाकून आत डोकावलं आणि विचारलं, "वरचा दांडा आणि खालचा दांडा जोडणारा बोल्ट कुठाय? तो नसेल तर लिव्हर नुसती हवेत हलते. गिअर होता तिथंच राहतो."

झालं. हेडक्लार्क तडक घरात घुसले. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ, इथून सुरुवात झाली. बायकोच्या केरवारा करण्याच्या हौसेपासून तिच्या माहेरच्यांच्या लांब हातांपर्यंत काही सोडलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, मी तुमच्या कशालाही हात लावलेला नाही. याचा त्यांना आणखीच संताप आला. स्क्रूचा डबा शोधायला त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार खसकन ओढलं.

आणि हँडलमधला पितळी बोल्ट त्यांच्याकडे बघत होता.

तेव्हा सगळं आठवलं. मोटर जोडल्यावर हातात एक बोल्ट उरला होता. कंपनी एखादा जास्तीचा देत असेल, असं म्हणून त्यांनी तो हँडलला ठोकून दिला होता. अगदी मापात बसला, म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती. आता हसावं की रडावं कळेना, पण एवढा चढलेला राग अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून बायको घड्या ठेवायला आत गेल्यावरही ते ओरडतच राहिले आणि ओरडता ओरडता बोल्ट काढून घेतला. हँडल भोकात नुसतं टेकवून ठेवलं.

मिस्त्रीला म्हणाले, "सापडला. तुमच्याच पेटीखाली होता. जरा बघत जा." मिस्त्रीनं बोल्टला लागलेला कपाटाचा पांढरा रंग नखानं खरवडला आणि तो जागेवर बसवला.

रविवार उजाडला. वाटभर बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. धक्का जवळ आला. हेडक्लार्कांनी लिव्हर मागे ओढली, खाली 'खट' झालं, आणि होडी लाकडाला बोटानं शिवावं तशी अलगद टेकली. मेहुण्यानं खुर्ची आधीच दूर नेऊन ठेवली होती. तो बघतच राहिला. हेडक्लार्कांची छाती दोन इंच फुगली. ते म्हणाले, "हात लागतो त्याला, हात."

बायको धक्क्यावर उतरली. तिनं पर्स उघडली आणि कपाटाचं हँडल काढून भावाच्या हातात ठेवलं.

"दादा, याला एक बोल्ट बघ रे. आमचा होडीला लागलाय."

मेहुणा हसला नाही. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. तो आत गेला, खिळ्या-बोल्टांचा डबा घेऊन आला आणि फार आदरानं त्यानं विचारलं, "भाऊजी, एकच देऊ, की पुढच्या दुरुस्तीसाठी चार-पाच घेऊन ठेवता?"