टाळेबंदी आणि ओव्हरटाइम

सकाळी समोर आलेल्या माणसाला आपण ‘काय, कसं काय?’ म्हणतो ते काही उत्तर मिळावं म्हणून नव्हे. नाना मुळ्यांना हे कधी कळलं नाही. ते थांबायचे, घसा खाकरायचे आणि खरोखरच सांगायचे.

‘आज टाळेबंदी. तिसरा दिवस.’

किंवा, ‘काय विचारता, पहाटेपासून ओव्हरटाइम. चार खेपा झाल्या. शेवटची निव्वळ पाणी.’

ऐकणाऱ्याच्या हातात चहा आहे की जिलबी, याचा नानांना काही फरक पडत नसे. नवा माणूस आठवड्याभरात शहाणा व्हायचा आणि नुसती मान हलवून पुढे सटकायचा.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कंपनीने कामगारांसाठी सोळा खोल्यांची चाळ बांधली होती. नाना टाइमकीपर, मी त्याच ऑफिसात कारकून आणि राहायला त्यांच्या शेजारच्या खोलीत. कारखान्याची भाषा नानांनी घरी आणून पोटाला लावली होती. बद्धकोष्ठ म्हणजे टाळेबंदी, जुलाब म्हणजे ओव्हरटाइम आणि कधी नीट झालंच तर ‘आज जनरल शिफ्ट’. त्या दिवशी नाना शीळ घालत कामावर जात. असे दिवस वर्षातून दहाबारा निघत.

सोळा खोल्यांना संडास दोन. पहाटे प्रत्येकाने आपलं टमरेल रांगेत ठेवायचं आणि दात घासायला जायचं. पुढचं टमरेल सरकवायची जबाबदारी मागच्याची. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण कंपनीच्या नियमांपेक्षा तो कडक पाळला जाई. नाना मात्र दोन टमरेलं ठेवीत, एक पुढे आणि एक शेवटी. पुढचा नंबर लागला तेव्हा पोट तयार नसलं, तर मागचं कामाला येई.

यावर चाळीची सभा भरली. चाकणकडच्या गावातला फिटर तुकाराम उठला आणि म्हणाला, ‘एका मानसाला दोन नंबर, ह्ये काय बरूबर न्हाई. पोटं आमालाबी हायेत.’

नाना शांतपणे म्हणाले, ‘तुकाराम, पोट तुझ्या ताब्यात आहे. मी पोटाच्या ताब्यात आहे.’

दीड तास चर्चा होऊन नानांचं दुसरं टमरेल मंजूर झालं, फक्त त्याला झाकण असावं अशी दुरुस्ती आली. झाकण कशासाठी, हे दुरुस्ती सुचवणाऱ्यालाही सांगता आलं नाही. पण काही दुरुस्ती केल्याशिवाय सभा संपवायची कशी? नानांनी झाकण आणलं.

त्यांच्याकडे हजेरीच्या रजिस्टरसारखी रकाने आखलेली वही होती. तारीख, जेवण, खेपा, प्रकार, शेरा. ‘प्रकार’ या रकान्यात ‘लेंड्या’, ‘केळं’, ‘पिठलं’, ‘ताक’ अशा नोंदी असत. ती वही एकदा पाहिलेला माणूस नानांकडे जेवायला बसत नसे. वहीच्या पुराव्यावर नानांनी आधी वांगं बंद केलं, मग हरभऱ्याची डाळ, मग दूध. पुढे पवना नदीच्या पाण्यावर संशय धरला. शेवटी ते मऊ भातावर आले, आणि पोट होतं तिथेच राहिलं. मी हे सगळं ऑफिसात रंगवून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे.

मग नानांच्या मुलीचं लग्न ठरलं.

नाना विधुर. मुलगी कमळ चिपळूणजवळ तिच्या मामाकडे वाढली होती. लग्न तिथेच, वैशाखात. नाना चार वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. दिवसभराचा एसटीचा प्रवास आणि मध्ये घाट.

‘कन्यादान मामा-मामी करतील,’ नाना म्हणाले. ‘पण बाप मांडवात दिसायला हवा, हे मला कळतं हो. पोटाला कळत नाही.’

म्हणून मी त्यांना चिंचवडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वहीचा गोषवारा मागितला. नानांचं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट, तेव्हा तो उतरवायला मी बसलो. चार वर्षांचं पिठलं आणि केळं चाळता चाळता मी हळूहळू गंभीर झालो. वांग्याचा दिवस कधी बरा गेला होता, कधी वाईट. डाळीचंही तसंच. पण शेऱ्यात जिथे ‘कमळचं कार्ड आलं’ असं होतं, तिथून पुढे तीन दिवस ओव्हरटाइम. महिनाभर कार्ड आलं नाही, की टाळेबंदी. ऑफिसात केलेल्या सगळ्या नकला आठवून मला माझी लाज वाटली.

डॉक्टरांनी गोषवारा वाचला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘आतड्याला जखम नाही, गाठ नाही. घाबरलं की कुणाचे हात थरथरतात, तुमची आतडी थरथरतात.’

‘म्हणजे माझं दुखणं खोटं?’

‘दुखणं अगदी खरं आहे. वांगं निर्दोष आहे.’

परतताना नाना नदीपाशी थांबून एकदम म्हणाले, ‘तिची आई गेली तेव्हा तिला मामाकडे ठेवलं. खोली मिळाली की नेतो, म्हणालो. खोली मिळाली. पण एकट्याने पोर कशी सांभाळायची, याची भीती वाटली. मग हे पोट सुरू झालं. आधी ती प्रत्येक कार्डात विचारायची, कधी नेता? मी उत्तरात पोटाचंच लिहायचो. आता विचारत नाही. लग्नाला या, एवढंच लिहिते. कोणत्या तोंडाने जाऊ?’

चाळीत ही गोष्ट मीच सांगितली. संध्याकाळी तुकाराम नानांच्या दारात आला. ‘नाना, मी येतो संगं. डायवरला मी बगतो.’

आम्ही तिघं निघालो. नानांनी आदल्या दिवसापासून पेजेखेरीज काही घेतलं नव्हतं. घाटात तुकारामने दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्या वेळी प्रवासी कुरकुरले, तेव्हा तो दारात उभा राहिला. ‘पोरीच्या लग्नाला चाललाय बाप. जरा दम धरा.’

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोचलो. अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. कमळ पाय धुवायला पाणी घेऊन आली. वडिलांपुढे पाणी ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, परसात माडाच्या झापांचा वेगळा आडोसा केलाय. तुमच्या एकट्यासाठी. पाणी भरून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला जाऊ दिलेलं नाही.’

मामा हसून म्हणाले, ‘मांडवाच्या आधी हे करून घेतलंन. म्हणाली, एवढं केलं की बाबा येतील.’

चार वर्षं नानांनी तिला पोटाखेरीज काही लिहिलं नव्हतं. तिने प्रत्येक कार्ड नीट वाचलं होतं.

नानांनी पाय धुतले आणि ते परसात गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी आणि तुकाराम मागे गेलो आणि आडोशापासून चार हातांवर थांबलो. आत नाना रडत होते. मोठ्याने नाही, पण ऐकू येत होतं.

तेवढ्यात मामी काळजीने आल्या. ‘प्रवासात पोट बिघडलं वाटतं त्यांचं. ओवा देऊ का?’

तुकाराम वाटेत आडवा झाला. ‘व्हय, पोटच हाय,’ तो म्हणाला. ‘जरा येळ लागंल. तुमी जावा म्होरं.’