दीडशे टक्क्यांची मंजुरी

सरकारी कागद वाचता आला नाही तरी चालतो. पडदा वाचता आला नाही तर मात्र समिती नेमावी लागते.

धडगावातल्या एका कार्यालयात मार्चअखेरीला दाखल्यांसाठी लिनक्सवाला संगणक आणि त्याचा नवा मॉनिटर आला. चित्र इतके बारीक की सातपुड्यातले पान न् पान मोजून घ्यावे. अक्षरे मात्र खसखशीएवढी. हेडक्लार्क रतिलालभाऊंना पडद्याचा फार अभिमान. (चष्म्याचा नंबर त्यांनी त्याच आठवड्यात वाढवून घेतला.)

लिनक्सवर डेस्कटॉपचे, म्हणजे पडद्याच्या मांडणीचे, प्रकार अनेक; त्यांतला कोणता ठेवावा, यासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. ग्नोम, प्लाझ्मा, सिनॅमन, सगळे पाहून झाले. अक्षरे दुप्पट केली की दाखल्याच्या सॉफ्टवेअरमधले ‘मंजूर’ हे बटण पडद्याबाहेर जाई. (‘नामंजूर’ कुठेही दिसे.) सात बैठका, तेवीस चहा आणि चार मतभेद झाले, त्यांतले तीन वॉलपेपरवरून.

बाहेर बाकावर मोलगीची भुरीबाई बसून होती. लेक रिनाचा नर्सिंगला नंबर लागलेला. शुक्रवारपर्यंत जातीचा दाखला द्यायचा होता.

“भाऊ, शुक्रवार शेवटचा दिवस,” ती म्हणाली.

“काम चालू शे ना मावशी! पहिले डेस्कटॉप ठरू दे.”

बुधवारी ऑपरेटर जागृतीने प्लाझ्मावर अक्षरे दीडपट करून दाखवली. अक्षरेही दिसली, बटणही दिसले. रतिलालभाऊंचा हात माऊसवर गेला, आणि नजर आकड्यावर पडली. दीडशे टक्के!

“पोरी, शंभरना वर मंजुरी देवाना अधिकार तालुकाले नही!”

त्यांनी ताबडतोब पूर्ववत शंभर केले आणि प्रस्ताव तीन प्रतींत जिल्ह्याला धाडला. रतिलालभाऊ दगडाच्या काळजाचे नव्हते. भुरीबाईकडे पाहून त्यांना खरेच वाईट वाटले, म्हणून प्रस्तावावर त्यांनी लाल शाईने ‘तातडीचे’ असे लिहिले.

शुक्रवारी संध्याकाळी भुरीबाई रिकाम्या हाताने मोलगीच्या जीपमध्ये बसली.

सोमवारी जिल्ह्याचे उत्तर आले. काटकसरीच्या धोरणानुसार मागणीच्या निम्मे, म्हणजे पंचाहत्तर टक्के मंजूर झाले होते. रतिलालभाऊंनी पेढे वाटले. मंजुरी ती मंजुरी. अक्षरे आता कोणालाच दिसत नाहीत, त्यामुळे चुकाही दिसत नाहीत.

तेव्हापासून विसरवाडीच्या फाट्यावरही लोक रतिलालभाऊंना थांबवून विचारतात, “मग, शेवटी डेस्कटॉप कोणता ठरला?” रिनाचे काय झाले, हे अजून कोणी विचारलेले नाही. तुम्हीही आधी तेच विचारणार होतात.