झोपाळा कुठे जातो?

मागच्या अंगणात लोखंडाची कोणतीही वस्तू इकडून तिकडे गेली, की वेळेसकट वहीत लिहायची, असा त्या घरातला नियम होता. नियम सुनेचा. तिने ऑफिसचा चुंबकमापक तिथे जमिनीत पुरला होता आणि त्याला बादली सरकलेलीही कळायची. सासरे कारखान्यातले निवृत्त टाइमकीपर. "११:०४, विळा, माळ्यावरून अंगणात" अशा नोंदी ते मिनिटही न चुकवता करत आणि वर सासूबाईंची सही घेत.

हा सगळा खटाटोप आयन सायक्लोट्रॉन लाटांसाठी. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय कवचात अडकलेले विद्युतभारित कण गिरक्या घेत असतात. त्यांच्यातून कधी कधी संथ लाटा उठतात, दोन-तीन सेकंदांना एक. पुस्तकं सांगत, की त्या दुपारी सूर्यासमोरच्या बाजूला मिळतात, नाहीतर सौर वादळात संध्याकाळच्या बाजूला. सुनेला दोन वर्षं दोन्ही वेळा मिळत होत्या, त्याही जवळजवळ रोज! रविवारी तेवढ्या मिळत नसत. त्यावर तिने शोधनिबंधात एक स्वतंत्र परिच्छेदच लिहिला होता. निबंध उद्या जायचा होता, आणि त्याआधी तिचे सर आज पाच वाजता जागा बघायला येणार होते. त्यांना पटलं, की नोकरी कायम.

म्हणून ती अर्धी रजा टाकून पुढच्या दाराने घरी आली, खोलीत चुंबकमापकाला जोडलेला लॅपटॉप उघडला आणि ओरडलीच.

"आई! लाट आली!"

सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "कुठाय?"

"वर! आपल्या डोक्यावर, हजारो किलोमीटर!"

सासूबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "वर काही दिसत नाही गं. खाली हे झोपाळ्यावर बसलेत तेवढे."

सून अंगणात पळाली. लोखंडी झोपाळ्यावर डोळे मिटून सासरे गात होते. तिला बघताच त्यांनी टाचा रोवल्या. झोपाळा थांबला, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पडद्यावरची लाटही थांबली.

"बाबा, तुम्ही रोज बसता?"

"जेवणानंतर आणि चहानंतर. तू घरी असलीस की नाही बसत. गातो ना मी! सुनेसमोर कसं गायचं?"

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"इकडून तिकडे गेलेलं लिहायचं, असं तूच म्हणालीस. झोपाळा कुठे जातो? निघतो तिथेच परत येतो."

सून पायरीवर बसून रडली. दोन वर्षं तिने आभाळ म्हणून सासऱ्यांनाच मोजलं होतं. सासरे बिचारे कानकोंडे झाले. त्यांनी दोर आणून झोपाळा झाडाला करकचून बांधला, चांगल्या तीन गाठी मारल्या.

"सरांना मी सांगतो. चूक माझी आहे."

"नाही बाबा. मीच सांगणार."

पाचला सर आले. चहाचा कप त्यांच्या हातात पडताच तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तो रविवारचा परिच्छेद..."

"रविवारी मी घरी असते, सर."

सरांनी सुस्कारा सोडून पडद्याकडे पाहिलं. "बरं. मग आत्ता कोण बसलंय?"

पडद्यावर टपोऱ्या मण्यांच्या माळेसारखी लाट सरकत होती. सासऱ्यांनी हजेरी दिल्यासारखा हात वर केला. "मी इथेच आहे!"

सगळे अंगणात पळाले. झोपाळा ढिम्म. सरांनी एकेक गाठ सोडून तपासली, मग ऑफिसला फोन लावला. सौर वादळ सकाळपासून चालू होतं, आणि वरच्या उपग्रहालाही अगदी हीच लाट दिसत होती.

"खरी आहे!" सर नाचायचेच बाकी होते. "वादळ, संध्याकाळची बाजू, सगळं जुळतंय! तो निबंध फाडा आणि या लाटेवर नवा लिहा. कायमचं पत्र उद्या देतो!"

सुनेने सासूबाईंना मिठी मारून गरकन फिरवलं. सरांनाही आनंद आवरेना. ते मागच्या मागे झोपाळ्यावर धपकन बसले आणि पायाने जोरात रेटा दिला.

"सर, थांबवा!" सून किंचाळली. "लाट अजून चालू आहे!"

सासरे वही घेऊन केव्हाच पुढे आले होते. "पाच एकतीस. झोपाळा. साहेब, इथे सही करा."

"अहो, पण मी कुठे गेलो?" सर झोका घेत म्हणाले. "जागच्या जागीच तर आहे!"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"बघ," ते म्हणाले, "साहेबांनाही तसंच वाटतं."