ताईला हरवायचं यंत्र

जेवणाचं टेबल पुसून होतंय न होतंय तोच चष्मेवाल्यांनी त्यावर तीन फोटो मांडले, तिसरा हातानं झाकून धरला आणि बायकोला विचारलं, "नीट बघ. पहिला बरा, की दुसरा?"

"हाताखाली काय आहे?"

"ते नंतर. आधी पहिला, की दुसरा?"

हा धंद्यातून जडलेला रोग होता. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे स्पष्ट, की हे?" असं विचारायचं आणि समोरचा म्हणेल तसं पुढे जायचं, यात चष्मेवाल्यांची उमर गेली होती. त्यामुळे जगातला कुठलाही निर्णय जोडीजोडीनं आणि दुसऱ्याला विचारूनच घ्यायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. घरातल्या पडद्यांचं कापड त्यांनी असंच निवडलं. ते निवडून होईपर्यंत बायकोनं खिडकीला कागद चिकटवून दोन उन्हाळे काढले होते.

बायको टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात होती. लोकांचं ओरडणं ऐकून घेऊन गोड बोलण्याचा तिचा पगार होता, आणि तो आवाज ती घरीही वापरायची. "आपली अडचण मी समजू शकते," ती म्हणाली. "पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला व्हिडिओ गेम कशासाठी हवाय, ते सांगू शकाल का?"

"ताई येतेय रविवारी."

"अच्छा," बायको आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ताई म्हटल्यावर आणखी काही विचारायची गरज नव्हती.

ताई म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. लहानपणी त्यांच्या घरी एक व्हिडिओ गेम होता आणि त्यात मोटारींच्या शर्यतीची कॅसेट होती. शाळा सुटली की दोघं पलंगावर बसून शर्यत लावत आणि ताई जिंकत असे. सुट्टीत जिंके, परीक्षेच्या दिवसांत जिंके, ताप आलेला असताना गोधडीतून नुसते हात बाहेर काढून जिंके. पुढे यंत्र बिघडलं, दोघांची लग्नं झाली, पण चष्मेवाले एकदाही जिंकले नाहीत हा विषय काही बिघडला नाही. कुठल्याही घरगुती समारंभात, चार माणसं जमली की ताई म्हणायची, "आमच्या छोट्याचे डोळे तेव्हापासूनच कच्चे. म्हणून तर चष्म्याचं दुकान काढलं." लोक हसत. चष्मेवालेही हसत, आणि घरी येऊन तोंड फिरवून झोपत.

आता एकदा, फक्त एकदा, त्यांना ताईला हरवायचं होतं. आणि तेही असं, की तिला ब्र काढता येऊ नये.

खरी गोम तिथंच होती. ताई कापडाच्या कारखान्यात माल तपासायला होती. एक धागा सुटलेला दिसला की अख्खा गठ्ठा नापास करायचा, हे तिचं काम. अशी बाई शर्यत हरली तर पहिल्यांदा यंत्रात खोट काढणार, हे चष्मेवाले ओळखून होते. म्हणून यंत्र असं हवं होतं, की त्यात खोट काढायला जागाच उरणार नाही.

"पहिला छोटा आहे," त्यांनी बायकोला समजावलं. "तळहाताएवढा. सगळे गेम आतच भरलेले, नव्या टीव्हीला लागतो. दुसरा पूर्ण आकाराचा, पण हल्ली बनवलेला. त्याला जुनी कॅसेट चालते."

"पहिला घ्या. कमी जागा खातो."

चष्मेवाल्यांनी दुसऱ्या दिवशी पहिला घेतला. लावून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. बटण दाबल्यावर गाडी वळायला किंचित वेळ लावत होती. डोळ्याचं पातं लवेल एवढाच, पण लावत होती.

"तक्रारीचं स्वरूप सांगा," बायको म्हणाली.

"ताई म्हणेल, मी वेळेवर दाबलं होतं, गाडीच उशिरा वळली. झाला की निकाल रद्द!"

पहिला परत गेला, दुसरा शर्यतीच्या जुन्या कॅसेटसकट आला. हा बटणाचं तत्परतेनं ऐकायचा. चष्मेवाले दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी बायकोनं रिमोटच्या कडेचं एक बटण सहज दाबलं आणि खड्ड्यात गेलेली गाडी उलटी फिरून पुन्हा रस्त्यावर आली.

"अय्या, हे छान आहे! चुकलं की मागे जाता येतं."

"छान?" चष्मेवाले डोक्याला हात लावून म्हणाले. "ताई म्हणेल, तू मागे गेलास! माझं लक्ष नसताना दाबलंस!"

"मग दाबू नका ना."

"मी दाबणार नाही हे तिला कसं पटवू? पूर्ण जन्म जाईल त्यात."

दुसराही परत गेला. जुन्या वस्तूंच्या ज्या दुकानातून ही ने-आण चालली होती, तिथला दाढीवाला आता चष्मेवाल्यांना लांबून बघूनच पावतीपुस्तक उघडायला लागला होता. त्यानं माळ्यावरून तिसऱ्या फोटोतला, खरा जुना व्हिडिओ गेम काढला. प्लास्टिक पिवळं पडलेलं, कडेला कुणाच्या तरी पोराचे दात उमटलेले. पण असली.

"यात कुणाला काही काढता येणार नाही, साहेब. फक्त एक सांगा, तुमच्या घरी रिमोटची वायर यंत्रालाच जोडलेली होती, की सुटी निघायची? दोन्ही माझ्याकडे आहेत. पहिलं देऊ की दुसरं?"

आपलाच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चष्मेवाल्यांना घाम फुटला. त्यांना आठवेना. हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं. चष्मेवाल्यांनी दुकानाबाहेर येऊन तिला फोन लावला.

"ताई, सहज विचारतो..."

"तू सहज कधीच काही विचारत नाहीस. काय झालं?"

"आपला तो व्हिडिओ गेम होता ना, त्याच्या रिमोटची वायर सुटी निघायची का गं?"

पलीकडे ताई इतकी खदखदून हसली, की चष्मेवाल्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"छोट्या! तू व्हिडिओ गेम घेतोयस! माझ्याशी खेळायला!"

"नाही गं, एका गिऱ्हाइकाला..."

"निघायची नाही. जोडलेलीच होती. आणि छोट्या, यंत्र कुठलंही घे. हरणारा माणूस तोच आहे."

आता माघार नव्हती. चष्मेवाले वायर जोडलेलं यंत्र घेऊन घरी आले आणि मोठ्या टीव्हीसमोर बसले, तेव्हा कळलं, की हे यंत्र नव्या टीव्हीला लागतच नाही. त्याला जुना, मागे पोट असलेला डबा टीव्हीच हवा. दाढीवाल्याकडे तोही होता. टेम्पोतून दोन माणसांनी तो दारापर्यंत आणला आणि दार अरुंद पाहून खाली ठेवला. बायकोनं दारात उभं राहून एकदा टीव्हीकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"आपली विनंती आमच्यापर्यंत पोहोचली आहे," ती म्हणाली. "ती नामंजूर झाली आहे."

शेवटी तो डबा चष्म्याच्या दुकानात गेला. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली, तो स्टुलावर चढून बसला. लहानपणच्या पलंगापासून टीव्ही जेवढा लांब होता, बरोबर तेवढ्या अंतरावर चष्मेवाल्यांनी दोन खुर्च्या मांडल्या. त्या आठवड्यात ज्या गिऱ्हाइकांचे डोळे तपासले गेले, त्यांना तक्ता वाचून झाल्यावर एकेक शर्यत खेळावी लागली. एका बाईंनी तर चष्मा नको, पण उद्या पुन्हा तपासायला येऊ का, असं विचारलं.

रविवारी ताई आली ती बॅग घरी टाकून थेट दुकानातच. बाकावर एक गृहस्थ चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला थांबले होते. त्यांना ओलांडून ती आत शिरली आणि तपासणी सुरू झाली. तिनं यंत्र हातात घेऊन उलटं केलं, वायर ओढून पाहिली, कॅसेट काढून फुंकली, प्रत्येक बटण कानाशी नेऊन दाबलं.

"काही खोट?" चष्मेवाल्यांनी श्वास रोखून विचारलं.

"नाही," ताईला नाइलाजानं म्हणावं लागलं. "माल पास आहे. बस."

शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर ताईची गाडी झाडावर आदळली. दुसऱ्या वळणावर खड्ड्यात गेली. चष्मेवाले जिंकले! त्यांचा विश्वास बसेना. दुसरी शर्यत जिंकले, तिसरीही जिंकले. ते ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांचं लक्ष ताईकडे गेलं. ती मान पुढे काढून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती.

"छोट्या," ती हळूच म्हणाली, "माझी गाडी कुठली रे यातली?"

चष्मेवाल्यांच्या हातून रिमोट गळाला. पंचावन्नाची झाली तरी वाचायला चष्मा लागत नाही, अशी फुशारकी ही बाई मारत होती आणि आपण, एवढे चष्मेवाले, ती ऐकून घेत होतो! जवळचा धागा दिसणारीला लांबचं दिसत नसेल, हे कधी डोक्यात आलं नाही. रस्त्यात ओळख देत नाही म्हणून अर्धे नातेवाईक तिला गर्विष्ठ म्हणायचे, ते सगळं आता लख्ख समजलं. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि त्याच मनात दुसरी गोष्टही आली. ज्याला दिसत नाही त्याला हरवलं, हा निकाल धरता यायचा नाही.

"ऊठ," ते म्हणाले. "त्या खुर्चीत बस."

"मला काही चष्मा नको."

"मला हवाय. बस म्हणतो ना!"

तपासणीची जड फ्रेम ताईच्या नाकावर चढली. चष्मेवाल्यांनी काचा बदलायला सुरुवात केली. "हे बरं, की हे?"

"दोन्ही नापास."

"आता?"

"पहिलं नापास. दुसरं... थांब. दुसरं ठेव." ताईचा आवाज बदलला. ती तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचून गेली आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही तिनं वाचलं. मग भिंतीकडे, दाराकडे, भावाकडे बघत राहिली. "असं दिसतं होय सगळ्यांना?"

"शाळेत फळा कसा दिसायचा तुला?"

"पुसट. मला वाटायचं, बाई खडू वाचवतात."

"म्हणजे हा नंबर शाळेपासूनचाच आहे!" चष्मेवाले ठासून म्हणाले. "माझं निदान लिहून ठेव. चल, आता खेळ. खरी शर्यत आत्ता."

ती शर्यत खरोखरच झाली. ताईची गाडी सुसाट सुटली, वळणं कापत गेली, एकदा तर पुढेही निघाली. चष्मेवाल्यांनी दात-ओठ खाऊन बटणं दाबली आणि शेवटच्या वळणावर आतून गाडी काढून, अगदी केसभर फरकानं, ते जिंकले. ते खुर्चीवर चढले. बाकावरच्या गृहस्थांना हाताला धरून आत आणलं. "बघा! तुम्ही साक्षीदार! पडद्यावर वरचं नाव कुणाचं?"

"चष्मा तुमच्याकडे आहे हो माझा," गृहस्थ म्हणाले. "पण ऐकलं मी सगळं."

ताईनं पडदा पाहिला, वायर पाहिली, यंत्र पाहिलं. नाकावरची फ्रेम काढून काचा उजेडात धरून पाहिल्या आणि पुन्हा चढवली. मग म्हणाली, "पास. जिंकलास, छोट्या."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता चार माणसं जमली की ते काय सांगतील, हे शब्दांसकट त्यांच्या मनात तयार होत होतं. ताई मात्र रिमोट मांडीवर ठेवून विचार करत होती.

"नंबर शाळेपासूनचा म्हणालास ना?"

"शंभर टक्के."

"मग पलंगावरून मला टीव्ही दिसत नव्हता."

"कसा दिसेल?"

"म्हणजे इतकी वर्षं," ताई एकेक शब्द तपासत म्हणाली, "मी तुला न बघताच हरवत होते?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. नंबर अलीकडचाही असू शकतो, असं म्हणायची फार इच्छा झाली. पण गृहस्थांनी कान टवकारले होते, त्यांना अजून काडी बसवून घ्यायची होती आणि गावभर त्यांची ओळख होती. चष्मेवाल्यांनी तोंड मिटलं, दिवा लावला आणि मागे न बघता कपाटाचं दार सरकवलं.

"फ्रेम कुठली दाखवू?" त्यांनी विचारलं.